एका वेळी एकच स्थळ

सरुबाईच्या नातीचं, सृष्टीचं लग्न दोन हजार तेवीसच्या वैशाखात लागलं आणि पाठोपाठ अधिक श्रावण आला. नव्या जावयाला पहिल्याच वर्षी अधिकाचं वाण द्यायचं म्हणून मखमलाबादच्या घरात अनारशांची गडबड उडाली होती. तूप तापलेलं, सरुबाई कढईपाशी बसलेली, आणि तेवढ्यात शुभांगीचा फोन वाजला. ती फोन घेऊन ओट्यावर गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

शुभांगी सरुबाईच्या सख्ख्या भावाची मुलगी आणि तिची सूनही. लग्नाआधी आत्या म्हणायची, लग्नानंतरही आत्याच म्हणत राहिली.

"आत्या, सातपूरहून फोन होता. शेठ गेल्यापासून त्यांची मुलं कारखाना विकायचं म्हणत होती ना, विकला. दिवाळीनंतर तिकडून आपल्याला काही यायचं नाही."

सरुबाईच्या हातातला झारा तसाच राहिला. कढईतला अनारसा करपला.

'आपल्याला' म्हणजे 'शेजार' या संस्थेला. बाराएक वर्षांपूर्वी सरुबाईचा नवरा लहानू लकव्यानं अंथरुणाला खिळला होता. पाठीला जखमा झाल्या, घरात वास मावेना. तेव्हा साधना नावाची एक नर्स सुट्टीच्या दिवशी यायची. जखम कशी धुवायची, कूस कशी बदलायची, हे तिनं सरुबाईला हाताला धरून शिकवलं. लहानू गेलाच, पण माणसासारखा गेला. तेराव्याला जमलेल्या चार माणसांत तिथंच बोलणं निघालं आणि त्यातून संस्था उभी राहिली. फकिराबापू अध्यक्ष झाले, सरुबाई विश्वस्त झाली, कागदपत्रं शुभांगीकडे आली. साधनानं दवाखान्यातली नोकरी सोडली आणि स्कूटीवरून गंगापूर, गिरणारे, मातोरी अशा मळ्यामळ्यांतून खिळलेल्या माणसांकडे जायला लागली. कुणाची नळी बदलायची, कुणाची जखम धुवायची, घरच्यांना शिकवायचं. तिचा पगार, पेट्रोल आणि औषधं एवढाच संस्थेचा प्रपंच, आणि तो सातपूरचे शेठ चालवायचे.

त्या माणसांत एक लंकाबाई होती. गिरणाऱ्याच्या पुढं मळ्यात राहायची. टोमॅटोचे क्रेट भरलेल्या ट्रॉलीवरून पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. लघवीला कायमची नळी. मूलबाळ नाही, घरात नवरा सावळीराम एकटा. लंकाबाई आणि सरुबाई दोघींचं माहेर मोहाडी. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एका झोक्यावर बसलेल्या. त्यामुळे सातपूरचं ऐकलं तेव्हा सरुबाईच्या डोळ्यांपुढं संस्था आली नाही, लंकाबाईची नळी आली.

"मग आता?" ती म्हणाली.

"आता दुसरा देणारा शोधायचा."

आता सरुबाई ही मखमलाबादेत कशासाठी ओळखली जायची, तर सोयरिकीसाठी. तिनं जुळवलेली लग्नं मोडली नाहीत. सृष्टीचं लासलगावचं घरही तिनंच पारखलेलं, आणि पोरगी सुखात होती. तिची रीत ठरलेली. घर बघायला जायचं ते बघायला आलोय असं न सांगता. तिथल्या आधीच्या सुना कशा राहतात ते बघायचं, शेजारणीशी बोलायचं, देण्याघेण्याचं पहिल्या भेटीत तोंडातून काढायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, एका वेळी एकच स्थळ. त्या घराचा हो की नाही कळेपर्यंत दुसऱ्या दाराची कडी वाजवायची नाही.

या शेवटच्या गोष्टीमागं कारण होतं. सरुबाईच्या बापानं तिच्या थोरल्या बहिणीसाठी एकाच महिन्यात दोन घरी शब्द टाकला होता. दोन्हीकडून होकार आला. दोघांना एकमेकांचं कळलं, आणि दोन्ही घरं मोहाडीच्या पारावर बापाला नाही नाही ते बोलून उठून गेली. मग वर्षभर कुणी दारात आलं नाही. शेवटी बहीण एका बिजवराला द्यावी लागली, तीही लांब. ती पुन्हा कधी आखाजीला माहेरी आली नाही.

पंधरा दिवस शुभांगी रोज कॉलेजच्या ऑफिसातून आली की लॅपटॉप उघडून बसायची. एका रविवारी दुपारी सरुबाई शेवंतीची रोपं लावून आली, हातपाय धुतले आणि तिच्याजवळ खाटेवर टेकली.

"काय शोधती एवढं? देणारे काय कमी हायेत?"

"देणारे खूप आहेत, आत्या. आपल्याला देणारा कोण, ते शोधायचंय. हे बघा, सगळेच लिहितात, आम्ही आरोग्यासाठी देतो, गोरगरिबांसाठी देतो. त्यावर जायचं नाही. मागच्या पाच वर्षांत खरं दिलं कुणाला, तेवढं बघायचं." तिनं बोटानं दाखवलं. "हे म्हणतात अख्ख्या महाराष्ट्रात देतो. पण अहवाल काढून बघितले तर पाचही वर्षं पुणे आणि सातारा. हे बघा, हे फक्त इमारत बांधायला देतात, किंवा गाडी. पाटी लागेल असंच काहीतरी. पगाराला एकदाही दिलेलं नाही. आणि हे एक, यांच्या सगळ्या देणग्या त्याच चार संस्थांना. तिथं आपल्याला दार नाही."

सरुबाई वाकून बघत होती. अक्षरं तिला उशिरा आलेली, साक्षरतेच्या वर्गात, पन्नाशीला टेकल्यावर. पडद्यावरची बारीक अक्षरं काही लागत नव्हती. पण बोलणं बरोबर लागलं.

"म्हणजे आधीच्या सुना कशा नांदतात ते बघायचं."

शुभांगीनं मान वर केली आणि खळखळून हसली. "तेच की! एक वर्ष नांदवून माहेरी पाठवली, का दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही ठेवली, हे बघायचं."

"अगं मग हे मला आधी का नाय सांगितलं? जन्मभर दुसरं काय केलं मी?"

त्या दुपारी दोघींचं फार छान जमलं. चहा झाला, परत चहा झाला. नाशिककडे देणारे, पगाराला देणारे, लहान संस्थेला देणारे आणि पुन्हा पुन्हा देणारे असे गाळत गाळत शेवटी पाच उरले.

"झालं," शुभांगी म्हणाली. "आता पाचही ठिकाणी अर्ज टाकते."

सरुबाईनं कप खाली ठेवला. "पाच?"

"हो. त्यातल्या एखाद्याचं तर जमेल."

"आणि दोघांचं जमलं तर?"

"तर पेढे वाटू!"

सरुबाई हसली नाही.

मारुतीच्या देवळामागच्या खोलीत बैठक झाली. फकिराबापू टोपी सारखी करत ऐकत होते. शुभांगीनं सगळं नीट मांडलं. सरुबाईनं एकच वाक्य मांडलं, "पोरगी पाच घरी दाखवत नसतात."

"संस्था म्हणजे पोरगी नाही, आत्या."

"मग काय हाय? हातानं वाढवली ना?"

बापूंनी घसा साफ केला. "शुभांगी, तुझं शिक्षण आम्हाला मान्य. पण एका दारात गेलं तर ते मागणं घालणं असतं. पाच दारात एकदम गेलं तर ती भीक होती."

"बापू, त्या लोकांना माहीतच असतं. फॉर्ममध्येच विचारतात, आणखी कुठे अर्ज केला आहे का. सांगायचं, केलाय. त्यांना काही वाटत नाही. उलट एकट्यावर भार नको असतो त्यांना."

"विचारत्यात ती पारख असती," सरुबाई म्हणाली. "खरं बोलतात का, दोन्हीकडं हात ठेवून हायेत का, ते बघत्यात."

"आणि वेळ गेला तर? दिवाळीपुढं साधनाचा पगार नाही."

"शेठनी दिलेलं थोडं शिल्लक हाय. संक्रांतीपर्यंत जाईल. तोवर होकार येतोच की. चांगल्या घराला काय एवढा उशीर लागतो?"

दोन मतं एकीकडे पडली, एक दुसरीकडे. पाचांतलं पहिलं नाव पुण्याच्या नरहर-सुमती प्रतिष्ठानाचं होतं. तिथंच मागणं घालायचं ठरलं. त्या प्रतिष्ठानानं मालेगावच्या एका दवाखान्याला ओळीनं तीन वर्षं दिलं होतं. सरुबाई म्हणाली, मग आधी ते घर बघून येऊ.

निघताना शुभांगीनं ओट्यावर तिचा हात धरला. "आत्या, तिथं बाकी काही विचारू नका, पण एक नक्की विचारा. अर्ज केल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत किती दिवस गेले, आणि तोवर त्यांनी कसं भागवलं. विसरू नका हं."

"नाय विसरत."

ती विसरली नाही. ते पुढं येईलच.

भाद्रपदात सरुबाई आणि फकिराबापू एसटीनं मालेगावला गेले. बापूंना पंचाहत्तरी झाल्यानं तिकीट नव्हतं, सरुबाईला अर्धं. हायवेभर बापू तेच बोलत होते, "सरकारनं म्हातारं व्हायला चांगला जमाना आणलाय." दवाखाना यंत्रमागांच्या गल्लीत होता. मागांचा खडखडाट एवढा की माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत होती. माग चालवणारे, त्यांच्या बायका, खोकणारी पोरं बाकावर बसलेली. सरुबाईनं रीतीप्रमाणं काही सांगितलं नाही. गुडघा दाखवायचाय म्हणून रांगेत बसली आणि बघत राहिली.

तिनं बघितलं ते असं. दारावरची देणगीदाराची पाटी पुसून लख्ख ठेवलेली होती. नाव लिहून घेणारी पोरगी कुणावर खेकसत नव्हती. पाण्याचा माठ भरलेला, पेला साखळीला बांधलेला नव्हता. शेजारच्या बाईला विचारलं, इथं कसं आहे, तर ती म्हणाली, "चांगलं शे मावशी, डॉक्टर रोज येस." प्रतिष्ठानाची माणसं वर्षातून एकदा येतात, आधी सांगून येतात, आल्यावर चहा मागत नाहीत, असंही कळलं.

दवाखान्याचा कारभार कुंदन नावाचा माणूस बघायचा. चाळिशीचा, दाढी वाढलेली. सरुबाईचा गुडघा तपासून झाला तरी ही दोघं उठेनात, हे त्यानं हेरलं. जवळ येऊन बसला.

"आजी, गुडघा तर ठीक आहे. मग नाशिकहून एवढ्या लांब कशाला आलात?"

बापू खोकले. सरुबाईला लपवणं जमेना. तिनं खरं सांगितलं. कुंदन हसायला लागला. "म्हणजे आमच्याकडे सासरची चौकशी करायला आलात! विचारा की मोकळेपणानं. माणसं चांगली आहेत. एकदा हो म्हटलं की मागं फिरत नाहीत. अजून काय विचारायचं?"

शुभांगीचा प्रश्न सरुबाईच्या जिभेवर होता. किती दिवस लागले, तोवर कसं भागवलं. तिनं बापूंकडे बघितलं. बापूंनी नजरेनंच नको म्हटलं. पहिल्या भेटीत, अनोळखी माणसाला, तुमच्या हातात पैसा कधी पडला, तोवर तुमच्या घरात चूल कशी पेटली, असं विचारायचं? सृष्टीच्या वेळी सासरच्या शेजारणीला असं विचारलं असतं तर तिनं दार लावून घेतलं असतं.

"नाय बाबा," ती म्हणाली. "समजलं सगळं. घर चांगलं हाय."

परतीच्या गाडीत ती खूश होती. चांदवडचा घाट ओलांडताना बापूंना म्हणाली, "लंकेचं भागलं म्हणायचं."

शुभांगीनं विचारलं तेव्हा सरुबाईनं खोटं सांगितलं नाही. तो प्रश्न विचारायचा नसतो, एवढंच म्हणाली. शुभांगी लॅपटॉप उघडून अर्ज लिहायला बसली.

दसऱ्याआधी अर्ज गेला. आठवड्यात उत्तर आलं, गोड उत्तर. तुमचं काम आवडलं, विश्वस्तांपुढं ठेवतो. दिवाळी झाली. मग कळलं, विश्वस्तांची बैठक पुढं गेली. मग कळलं, एक बाई येऊन काम बघून जातील. त्या बाई आल्या, साधनाच्या मागं स्कूटीवर बसून लंकाबाईकडे जाऊन आल्या, डोळे पुसत परत गेल्या. सरुबाईला वाटलं, झालंच आता. शुभांगी म्हणाली, "आत्या, डोळे पुसणं म्हणजे मंजुरी नाही."

त्याच सुमारास, मार्गशीर्षात, घरात मोठं वाजलं.

झालं असं, की पाचांतल्या दुसऱ्या एका देणाऱ्याची मुदत संपत आली होती. मुंबईचं लहानसं प्रतिष्ठान, निर्णय भराभर करणारं. मागच्या पाचही वर्षांत त्यांनी तीन महिन्यांच्या आत पैसे दिलेले. शुभांगीनं कुणाला न सांगता तिथं अर्ज टाकला. तिकडून लगेच विचारणा आली, पुढच्या आठवड्यात फोनवर बोलू या का. तेव्हा तिनं सरुबाईला सांगितलं. वाटलं, आता तरी हरखेल.

सरुबाई शेंगा निवडत होती. हात थांबले.

"पुण्याला कळवलंस?"

"कळवायचं काय त्यात? कळवते हवं तर. त्यांना चालतं."

"ती बाई लंकेच्या उशाशी बसून गेली. तिच्या हातचं पाणी प्याली. बोलणी चाललीत आपली. आणि तू दुसरं घर बघती?"

"आत्या, लंकामावशीसाठीच बघते! संक्रांतीनंतर साधनाला काय देणार? शब्द?"

"माझ्या बहिणीचं काय झालं ते ठाऊक हाय ना तुला? तुझी पण आत्याच ती."

"ठाऊक आहे. पण ती बायको म्हणून चालली होती. आपण पगार मागतोय."

सरुबाई उठली. "तो नंबर दे."

"काय करणार?"

"मी बोलते. तू टाकलास तर मागं मीच घेणार. मी विश्वस्त हाय."

शुभांगीनं नंबर दिला नसता तर बरं झालं असतं. पण तिला वाटलं, म्हातारी फोनवर बोलली की पलीकडची माणसंच समजावतील. तिनं लावून दिला. सरुबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला आणि फार नम्रपणे सांगितलं, की साहेब, तुमचं घर चांगलं आहे, पण आमची बोलणी पुण्याला चालू आहेत, त्यांचा निकाल लागल्याशिवाय तुमच्याकडे येणं बरं दिसत नाही, सुनेनं गडबड केली, तुम्ही मनात धरू नका. पलीकडचा माणूस म्हणाला, "ठीक आहे आजी, पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा." समजावलं कुणी नाही. त्यांच्याकडे मागणारे काय कमी होते!

शुभांगी आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही. सरुबाईला वाईट वाटलं, पण मान ताठ राहिली. इज्जत राखली असं तिला वाटलं.

संक्रांतीला शिल्लक संपली. साधना म्हणाली, थांबते थोडी. पगाराविना ती माघ निम्मा होईपर्यंत फिरली. तिच्या घरी मुलगा बारावीला, नवऱ्याचं काम सुटलेलं. एका संध्याकाळी ती औषधांची पेटी घेऊन आली आणि सरुबाईच्या ओट्यावर ठेवली.

"काकू, नाशिकरोडला एका दवाखान्यात रुजू होते सोमवारपासून. होकार आला की मला सांगा. मी येईन."

"येईल गं होकार. आज-उद्या येईल."

"हो," साधना म्हणाली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

पुण्याहून आता कळलं होतं, की मार्चअखेर असल्यानं सगळं नव्या वर्षात.

सरुबाई लंकाबाईकडे जायला लागली. जखम धुणं, कूस बदलणं तिला येत होतं, तेवढं ती करायची. नळीला हात लावायची तिची छाती नव्हती. सावळीराम लंकाबाईला कसाबसा दवाखान्यात नेऊन एकदा नळी बदलून आला. त्या माणसाला गाडी करावी लागली, दोन गडी धरायला लागले, आणि घरी येईपर्यंत लंकाबाईची पाठ फुटली. पुन्हा न्यायचं नाव काढलं की तीच नको म्हणायची.

"काय गं सरे," पडल्या पडल्या लंकाबाई म्हणायची, "तुझ्या पोरीचं जमलं का अजून?"

"जमत आलंय."

"तू जुळवलेलं लग्न अन् एवढा उशीर? हुंड्यावर अडलंय का काय?"

"त्यांच्या घरची माणसं लय हायेत. सगळ्यांनी हो म्हणायला लागतं."

"मग दुसरं बघ की. एक घर नाय म्हणतंय तर दुसरं बघ. पोरगी म्हातारी व्हायची."

"नाय म्हणत नाहीत गं ते. तीच तर गोम हाय."

लंकाबाई हसली. मग तिला हुडहुडी भरली. चैत्राच्या उन्हात ती दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होती. नळीतलं पाणी गढूळ झालं होतं आणि त्याला वास येत होता. सावळीराम दारात बसून विळ्यानं उगाच दोरी कापत होता.

त्या दिवशी घरी आल्यावर सरुबाईनं शुभांगीला म्हटलं, "मालेगावच्या कुंदनला फोन लाव."

लावला. सरुबाईनं हालहवाल विचारली नाही. "बाबा, तुम्हाला किती दिवस लागले होते? अर्ज केल्यापासून."

"पैसे यायला? वर्ष होऊन वर दोन महिने, आजी. माणसं चांगली, पण काम सावकाश. तेव्हा विचारलं असतं तर सांगितलंच असतं की."

"अन् तोवर?"

"तोवर काय, आणखी पाच-सहा ठिकाणी अर्ज होते. कुठून थोडं, कुठून थोडं आलं. पुण्याच्या लोकांनीच दोन नावं सुचवली होती. का हो?"

सरुबाईनं फोन शुभांगीच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून बसली. फोन मोठ्या आवाजावर लावलेला, म्हणजे शुभांगीनंही ऐकलं होतं. ती टोचून बोलली असती तर बरं झालं असतं.

"टाक," सरुबाई म्हणाली. "उरलेल्या सगळीकडं टाक."

"दोघांची मुदत गेली, आत्या. मुंबईवाल्यांचं या वर्षाचं वाटून झालं. एक राहिलाय."

"मग त्या एकाला टाक."

शुभांगीनं त्याच दुपारी टाकला. सरुबाईनं साधनालाही फोन केला. साधना रविवारी सुट्टी धरून गिरणाऱ्याला गेली, नळी बदलली, आणि बाहेर येऊन सावळीरामाला म्हणाली, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या, ताप रक्तात गेलाय. नेलं. चार दिवस ठेवून घेतलं.

प्रतिष्ठानाचा होकार आषाढात आला. तीन वर्षांचा होता, मागितलेल्यापेक्षा जास्त होता, आणि पत्र फार जिव्हाळ्यानं लिहिलेलं होतं. कुंदन म्हणाला होता तशीच माणसं निघाली. साधना परत आली. स्कूटी पुन्हा मळ्यांतून फिरायला लागली. शुभांगीनं वाचून दाखवलं तेव्हा सरुबाई शेवंतीला पाणी देत होती. तिनं ऐकलं आणि बारं मोडून, सरीच्या तोंडची माती ओढून, पाणी दुसऱ्या सरीत सोडलं.

त्यानंतर सरुबाईकडे कुणी सोयरिकीचं विचारायला आलं की ती आपल्या थोरल्या सुनेकडे, शुभांगीच्या जावेकडे, बोट दाखवायची, म्हणायची, तिला विचारा, मला दिसत नाही आता. तिला चांगलं दिसत होतं.

पुढच्या वर्षी प्रतिष्ठानाच्या अहवालात 'शेजार'चं नाव छापून आलं. दिवाळी झाल्यावर पेठकडच्या दोन बायका मखमलाबादला आल्या. एक शिक्षिका, एक तिच्याहून मोठी. झेंडू घ्यायचाय म्हणाल्या. सरुबाईनं सकाळी खुडलेल्या फुलांचा तोडा दाखवला. त्यांनी भाव विचारला, पण फुलं हातात धरून बघितली नाहीत. बघत होत्या त्या ओट्यावरची औषधांची पेटी, भिंतीवरची पाटी, उभी असलेली स्कूटी. साधना बाहेर आली तर तिच्याकडे टक लावून बघितलं.

सरुबाईनं त्यांना बसवलं, पाणी दिलं.

"फुलं नको तुम्हाला," ती म्हणाली. "पुण्याच्या घराची चौकशी करायला आलात."

मोठी बाई लाजली. शिक्षिका म्हणाली, "आजी, आम्ही मुलींचं वसतिगृह चालवतो. त्यांच्याकडे अर्ज करावा म्हणतोय. माणसं कशी आहेत?"

"माणसं चांगली हायेत. शब्दाला जागतात. आणखी विचारा."

"एवढंच."

"नाय, एवढंच नाय. देण्याघेण्याचं तुम्ही विचारणार नाय, म्हणून मीच सांगते. अर्ज केल्यावर दहा महिने जातात, कधी वर्षाच्या वर जातात. तुम्ही आजच आणखी चार ठिकाणी टाका. पुण्याला सांगून टाका, त्यांना राग येत नाय. माझी सून दुसरी नावं काढून देईल, पाच वर्षांत कुणी कुणाला दिलं ते सगळं तिच्याकडं हाय. एका घरावर बसू नका. आम्ही बसलो. आमचं एक माणूस गेलं."

मग मोठी बाई हळूच म्हणाली, "कोण गेलं?"

शुभांगी आतून दारात येऊन उभी राहिली होती. सरुबाईनं तिच्याकडे बघितलं आणि सांगितलं.

मोहाडीची लेक, गिरणाऱ्याची लंकाबाई सावळीराम थेटे, आखाजीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, नऊ मे दोन हजार चोवीसला सकाळी वारली.